चार तासी यंत्र आणि एक सळई

साहेबांना आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, त्यामुळे कुणी पुरावा मागत नसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते दुकानाच्या पायरीवरूनच ओळखायचे. निवृत्त झाल्यावरही भाजीवाली त्यांना येताना बघून काटा सरळ करायची, आणि तेवढ्यावर साहेबांचा दिवस चांगला जायचा. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. बायको भात टाकताना तांदूळ मुठीनं मोजायची. "मूठ हे माप नाही," असं ते रोज बजावायचे. "मग उद्यापासून तुमच्या डोक्यानं मोजते," असं ती रोज म्हणायची.

अशा माणसानं शेती करायची ठरवली. आता हात दाखवून अवलक्षण करायचंच असेल, तर हात तरी कोण धरणार?

जमीन वडिलांची. कागदोपत्री दोघा भावांची आणि प्रत्यक्षात थोरल्याची, कारण कसणारा तोच. निवृत्तीनंतर साहेबांनी आपला अर्धा हिस्सा मागितला. थोरल्यानं काहीही न बोलता मधोमध बांध घातला. पुढं काही दिवसांनी आक्काकडे, म्हणजे त्या दोघांच्या बहिणीकडे, सगळे जेवायला जमले होते. जेवता जेवता थोरला हसत म्हणाला, "धाकट्या, पेरणी खुर्चीत बसून होत नसते बरं का."

बस्स. वाक्य एवढंच होतं. दुसरा कुणी म्हणाला असता तर साहेब हसले असते. पण थोरला म्हणाला, आणि तोही सगळ्यांसमोर, आणि साहेबांच्या ताटात तेव्हा दुसऱ्यांदा वाढलेला भात होता. ते ताटावरून उठले. "चारही कोपरे भरून मका उगवला नाही, तर हा बांध मी स्वतःच्या हातानं काढीन. जमीन तुझी!"

"बरं," थोरला म्हणाला.

हे 'बरं' साहेबांना फार लागलं. माणसानं रागवावं, समजूत काढावी, "अरे, बस खाली" म्हणावं. 'बरं' म्हणजे काय? त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. जे काही असेल ते आक्काच्या मार्फत. "त्याला सांग" आणि "त्याला म्हणावं" यांतच बिचारीच्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

खरं सांगायचं तर मका नुसता निमित्ताला होता. लहानपणापासून साहेबांनी जे काही केलं, ते थोरल्यानं मागं वळून "जमलं रे तुला" म्हणावं म्हणून केलं. पहिल्या नंबरानं पास झाले, तेव्हा थोरला म्हशीच्या शेपटीतला चिखल काढत होता. साहेब झाले, तेव्हा तो "बरं" म्हणाला होता. हेच ते 'बरं'. म्हणून आता पेरून दाखवायचं होतं, तेही असं की ओळीला पट्टी लावावी.

पट्टी लावल्यागत ओळ मजूर टोकणीनं पाडत नाहीत. ते वाकतात, बोलतात, बी टाकतात. कधी दोन, कधी तीन, सगळं मुठीचं काम. साहेबांना यंत्र हवं होतं. नवं घेण्याची ऐपत नव्हती, जुनं बघायचं ठरलं. एके दिवशी फोनवर जाहिरात आली: 'चार तासी टोकण यंत्र, खात्रीशीर, विकणे आहे.'

साहेब खूश झाले. "हे बघ," त्यांनी बायकोला दाखवलं, "प्रामाणिक माणूस दिसतो. सलग चार तासच चालतं हे आधीच सांगून टाकलंय. नंतर विश्रांती द्यायची. आपल्या शेताला चार तास पुष्कळ झाले."

बायकोचं माहेर शेतकऱ्याचं. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग फोनकडे. "अहो, तास म्हणजे घड्याळातला नव्हे. शेतात ओळ पडते ना, तिला तास म्हणतात. एका वेळी चार ओळी टोकतं ते."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुला माहीत आहे का, एवढंच बघत होतो."

विकणारा माणूस जुन्या यंत्रांचा दलाल होता. प्रत्येक वाक्यात एकदा 'खात्रीशीर' म्हटल्याशिवाय त्याचा श्वास पूर्ण होत नसे, म्हणून सगळे त्याला खात्रीशीरच म्हणत. त्याच्या आवारात गंजलेल्या लोखंडाचे ढीग होते आणि मधोमध हिरवाकंच रंग फासलेलं ते यंत्र. रंग इतका ताजा होता, की साहेबांच्या बाहीला लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. यंत्रावर बियाण्याच्या चार पेट्या एका रांगेत होत्या. प्रत्येक पेटीखाली भोकांची एक चकती, चकतीखाली एक नळी आणि नळीच्या टोकाला जमिनीत घुसणारा फण. बाजूचं चाक फिरलं की साखळी फिरते, साखळीनं चकती फिरते आणि चकतीतून एकेक दाणा नळीतून खाली पडतो. साहेबांना हे मनापासून आवडलं. इथं मूठ नव्हती.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम चालू. खात्रीशीर."

'चालू' हा शब्द आपल्या भाषेत यंत्राला लावला तर कौतुक असतं आणि माणसाला लावला तर शिवी. तो इथं नेमका कुणाला लागू पडत होता, हे तपासायचं साहेबांच्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळं त्यांनी तपासलं. खिशातून टेप काढली, चष्म्यावर भिंग धरलं, यंत्र विटांवर चढवायला लावलं आणि चाक हातानं फिरवून खाली पडणाऱ्या दाण्यांमधली अंतरं मोजली. अंतरं चोख निघाली. पुन्हा मोजली, पुन्हा चोख. खात्रीशीरला मात्र घाम फुटला, कारण इतका वेळ थांबणारं गिऱ्हाईक त्यानं बघितलं नव्हतं.

उजव्या बाजूला एका खुंटीवर तारेनं घट्ट बांधलेली एक लांब सळई होती. तिचं एक टोक जरासं वाकडं होतं.

"ही कशाला?"

"ती अशीच. पहिल्यापासून सोबत आहे."

"यंत्राला हिचा काही उपयोग?"

खात्रीशीरनं सळईकडे पहिल्यांदाच बघितलं. "असेल की. नसेलही. पण सळई खात्रीशीर आहे."

साहेबांनी पक्कड मागवून तार तोडली. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही ती यंत्रावर राहू द्यायची नाही, असा त्यांचा नोकरीपासूनचा दंडक होता. सळई घरी आली आणि बायकोनं ती मोरीत ठेवली. तिथलं भोक वरचेवर तुंबायचं. त्या दिवसापासून तुंबलं की सळई घालायची आणि पाणी गडगडत निघून जायचं. "या सगळ्या खरेदीत ही एक वस्तू कामाची," असं ती आल्यागेल्याला सांगायची. बिचारीला कुठं माहीत, की ती किती खरं बोलतेय!

शेतावर छप्पर नव्हतं, म्हणून यंत्र तोवर घरासमोरच्या गल्लीत उभं राहिलं. 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' म्हणतात, त्यातला घोडा निदान चालतो तरी. हे धूड हलेना. शाळेत जाणारी पोरं त्याच्या फणांना दप्तरं अडकवून खेळू लागली. समोरचे औषधवाले काका दुकान सोडून रोज यंत्राभोवती फेरी मारायला लागले. ते औषधं विकत असल्यामुळे जगातल्या सगळ्याच बिघाडांवर त्यांचा अधिकार होता.

"साहेब, गंज आतून खातो," काका म्हणाले. "पोटात तेल गेलं पाहिजे."

साहेबांनी सांध्यासांध्यात तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तेलानं धूळ धरते हो. कुणी सांगितलं तेल सोडायला?" साहेबांनी रॉकेलनं तेल धुऊन काढलं. रॉकेल खालून वाहत शेजारणीच्या कुंड्यांत गेलं. तिची सदाफुली मेली आणि तिनं साहेबांच्या बायकोशी बोलणं सोडलं. "तुमच्या घराण्यात एक अबोला चालू आहेच," बायको म्हणाली, "त्याला सोबत झाली."

मग नगरपालिकेची नोटीस चिकटली. गल्लीत वाहन उभं करायला परवाना लागतो. साहेब कार्यालयात गेले. तिथला कारकून पंख्याखाली बसून कागद उडू नयेत म्हणून दोन्ही कोपरांनी दाबून धरत होता, त्यामुळे त्याला काम करायला हात उरत नव्हते.

"ते वाहन नाही," साहेब म्हणाले. "त्याला इंजिन नाही."

"चाकं आहेत ना?"

"दोन आहेत."

"मग वाहन. नंबर काय?"

"त्याला नंबर नसतो."

"नंबर नाही म्हणजे वाहन नाही." कारकून खूश झाला. "वाहन नाही, घर नाही, झाड नाही. मग ते टाकाऊ साहित्य. ते आम्ही उचलून नेतो."

साहेबांनी त्याला कायदा सांगितला. आयुष्यभर ते समोरच्याला असाच कायदा सांगत आले होते. एका म्हाताऱ्या दुकानदाराचा फुटका अर्धा शेर त्यांनी 'हे माप नाही आणि भांडंही नाही' म्हणून जप्त केला होता. तेव्हा तो म्हातारा जसा बघत होता, तसं आपण आत्ता या कारकुनाकडे बघतोय, असं त्यांना वाटून गेलं. शेवटी अर्ज मंजूर झाला. यंत्राची नोंद 'लग्नाचा मांडव, तात्पुरता' या सदरात झाली, कारण तेवढं एकच सदर रिकामं होतं. औषधवाले काकांनी गल्लीभर विचारलं, "मांडव पडलाय खरा, नवरा कोण?"

यंत्राला होत्या त्या चकत्या सोयाबीनच्या, मक्याला वेगळ्या लागतात. त्या अवजारांच्या सरकारी डेपोत मिळतील असं कळलं. यंत्रावर ठोकलेला क्रमांक साहेबांनी चिठ्ठीवर उतरवून नेला होता; डेपोतला म्हातारा भांडारपाल तो वाचून डोळे मिचकावत म्हणाला, "अरे! हे अजून तुमच्याकडंच आहे का?"

"माझ्याकडेच आहे," साहेब ताठ होऊन म्हणाले.

"आडनाव तेच ना?" भांडारपालानं विचारलं आणि साहेबांनी आडनाव सांगताच आतून चार चकत्या आणून दिल्या. वर म्हणाला, "घरातली वस्तू घरात राहिली, बरं झालं. थोरले बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत," साहेब म्हणाले. थोरले म्हणजे खात्यातले जुने थोरले साहेब, असं त्यांनी धरलं. नावाला अजून वजन आहे म्हणायचं! परत येताना त्यांना किती तरी महिन्यांनी गुणगुणावंसं वाटलं.

पेरणीचा दिवस उजाडला. जमिनीत बेताची ओल होती, माती हातात घेतली तर लाडू व्हावा आणि टाकला तर फुटावा अशी. साहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. भाड्याचा ट्रॅक्टर आला, त्याला यंत्र जोडलं गेलं. बायको, आक्का आणि औषधवाले काका लिंबाच्या सावलीत बसले. काकांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. लोकांचे ताप त्यांच्या दृष्टीनं थांबू शकत होते, ही पेरणी नाही.

बांधापलीकडे थोरला उभा होता. हातात काही नाही, नुसता उभा.

पहिली फेरी साहेबांनी बांधाला लागूनच घेतली. ओळी काय पडल्या म्हणता! फेरी संपताच साहेब उतरले, टेप काढली आणि चारही ओळींतली माती बोटांनी उकरून बघितली. दाणा, अंतर, दाणा. खोली सारखी. नमुना तपासणी चोख. नोकरीत ते असंच करत, शंभर मापांतलं पहिलं तपासायचं आणि शिक्का मारायचा. ते उभे राहिले, कपड्यावरची माती झटकली आणि बांधाकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "चालू दे! आता थांबायचं कारण नाही."

शेताच्या टोकाला ट्रॅक्टरनं वळण घेतलं. यंत्र उचललं गेलं, जरा मागं घेतलं, पुन्हा सरळ लावलं. दुसरी फेरी सुरू झाली आणि तेवढ्यात थोरल्यानं हात वर केला.

इतक्या दिवसांनी थोरल्यानं हात केला होता! म्हणजे बघितलं त्यानं. म्हणजे आता तो म्हणणार. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू तर काहीच येत नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे बारीक करून नीट बघितलं. थोरल्यानं डाव्या हाताची मूठ वळली. मग उजव्या हाताचं बोट ताठ केलं आणि त्या मुठीत घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. सगळ्यांदेखत, भर उन्हात, जोरजोरानं.

सभ्य वाचकाला याहून स्पष्ट सांगायची गरज नाही. ज्यानं कुणी शाळेची मधली सुट्टी बघितलीय, त्याला या खुणेचा अर्थ माहीत आहे.

साहेब पांढरे पडले, मग तांबडे झाले. त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. रान एकदम शांत झालं, इतकं की काकांच्या तोंडातली सुपारी ऐकू यावी. साहेब ताडताड बांधापर्यंत गेले. थोरला तोंड उघडायच्या आत ते ओरडले, "या वयात हे? बहिणीसमोर? आजपासून तू मला मेलास! माझ्या रानाकडे बघायचंही नाही!"

थोरल्याचे हात अजून तसेच होते, मूठ वळलेली, बोट ताठ. ते त्यानं हळूहळू खाली घेतले. साहेबांकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि पाठ फिरवून बांध उतरून गेला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"तुला सांगण्यासारखं नाही," साहेब म्हणाले. "बाईमाणसासमोर बोलता येणार नाही असं झालं."

दुपारनंतर पेरणी संपली. उजव्या हाताच्या दोन पेट्यांत बियाणं जवळजवळ तसंच शिल्लक राहिलं होतं. साहेबांना कोण आनंद झाला! हिशेबापेक्षा कमी बियाण्यात शेत पेरून झालं होतं.

"एकाच बाजूचं कसं उरलं?" बायकोनं विचारलं.

"ती बाजू काटकसरी आहे."

"अहो, पण ओळी तर सारख्याच पडल्यात ना?"

"मुठीनं मोजणाऱ्या माणसांना हे कळायचं नाही," साहेब म्हणाले. तिनं पुढं काही विचारलं नाही. बायका अशा वेळी गप्प बसतात ते पटलं म्हणून नव्हे, पुढं बघून घेऊ म्हणून.

मका उगवला. म्हणजे काही ठिकाणी उगवला. बांधाजवळच्या चार ओळी तर अशा, की फोटो काढावा. पुढं मात्र चार ओळी रिकाम्या, चार ओळी भरलेल्या, पुन्हा चार रिकाम्या, पुन्हा चार भरलेल्या. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळपणाला मात्र तोड नव्हती. कोंबांच्या ओळी सरळ होत्या आणि मोकळ्या मातीचे पट्टेही तेवढेच सरळ. औषधवाले काका पोराटोरांना घेऊन बघायला आले. "पायजम्याचं कापड झालंय, साहेब," ते म्हणाले. "नाडी तेवढी घाला." त्या दिवशी साहेब त्यांच्याशी भांडले नाहीत, आणि मग काकाच ओशाळून "पाखरांनी खाल्लं असेल" म्हणत निघून गेले.

साहेब खात्रीशीरकडे गेले. तो म्हणाला, "मशीन चालू दिलं होतं. जमीन खात्रीशीर आहे का बघा." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी पुढं बघत होतो." मग साहेब एकटेच रिकाम्या पट्ट्यात उकिडवे बसले आणि माती उकरत राहिले. दाणा नव्हताच. पाखरांनी खायला तरी आधी दाणा पडायला हवा.

आक्का आली ती संध्याकाळी. पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली, सरळ मोरीत हात धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "ही सळई इथं काय करतेय?"

"मोरी तुंबते तेव्हा घालते मी," बायको म्हणाली. "फार चांगली आहे."

आक्का सळई हातात घेऊनच बाहेर आली. तिच्या हाताचं पाणी जमिनीवर गळत होतं. "अरे शहाण्या," ती साहेबांना म्हणाली, "हे थोरल्याचं मशीन. तुला कुणीच सांगितलं नाही? त्याची कंबर धरायला लागली म्हणून त्यानं ते विकून टाकलं. उजवीकडून ते वाकलेलं आहे. वळणावर उचललं तरी ते दोन फण पुरते वर येत नाहीत, मातीतून घासत जातात आणि नळ्यांत चिखल बसतो. मग वर चकती फिरते, खाली काही पडत नाही. जाताना दोन ओळी कोऱ्या, येताना त्यांच्या शेजारच्या दोन, असे ते चार-चारचे पट्टे. दर वळणाला उतरायचं, नळीत सळई घालायची, चिखल काढायचा, की पुढं जायचं. घेणाऱ्याला कळावं म्हणून त्यानं सळई तारेनं घट्ट बांधून दिली होती."

साहेबांना डेपोतला म्हातारा आठवला. थोरले बरे आहेत ना, असं त्यानं विचारलं होतं.

"पण तू का नाही सांगितलंस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे! मला वाटलं, त्याची वस्तू म्हणून मुद्दाम हुडकून घेतलीस, आतून तरी माया आहे अजून. थोरल्यालाही तसंच वाटलं. मशीन ट्रॅक्टरला जोडलेलं बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. खुंटीवर सळई दिसेना म्हणून तर त्यानं तुला..." आक्कानं सळई काखेत धरली, डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या हाताचं बोट तिच्यात घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. "नळीत सळई घाल, नळीत सळई घाल! एवढंच सांगत होता. आणि तू काय म्हणालास त्याला?"

बायकोनं साहेबांकडे बघितलं. बाईमाणसासमोर बोलता येणार नाही ते काय होतं, हे तिला आत्ता कळलं. ती हसेल असं साहेबांना वाटलं. ती हसली नाही.

"मी जाऊन येतो त्याच्याकडे," साहेब उठले.

"मी बोलून आलेय," आक्का म्हणाली. "तो म्हणतो, मेलेल्या माणसाचं काय घेऊन बसलीस."

शब्द दिलेला होता. साहेबांनी दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन बांध काढायला घेतला. त्यांना कुदळ धरता येत नव्हती, तळव्यांना फोड आले, फोड फुटले. थोरला आपल्या रानात काम करत राहिला. मदतीला आला नाही, थांबवायलाही आला नाही. खरं तर साहेबांना या दोन्हींतलं काहीही चाललं असतं. बांध सपाट झाल्यावर त्यांनी सळई राखेनं घासून, पुसून यंत्राच्या खुंटीला बांधली. तारेचे वेढे त्यांनी मोजून घातले आणि आक्काला म्हणाले, "त्याला सांग, यंत्रही घेऊन जा म्हणावं."

"बरं," असा निरोप आला.

पट्टे भरून घ्यायला अजून वेळ होता. थोरल्यानं यंत्र जोडलं आणि रिकाम्या ओळी टोकायला घेतल्या. साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रानात पाय टाकायचा त्यांना हक्क उरला नव्हता, पण रस्ता सगळ्यांचा असतो. थोरला ट्रॅक्टर स्वतः चालवत होता. दर वळणाला तो कंबर धरून उतरायचा, खुंटीवरची सळई काढायचा, दोन्ही नळ्या साफ करायचा, पुन्हा चढायचा. एकदाही त्यानं रस्त्याकडे बघितलं नाही.

ऊन चढलं. थोरला थकला होता, ते लांबूनही दिसत होतं. एका वळणाला तो उतरलाच नाही. ट्रॅक्टर वळवला, सरळ लावला आणि गियर टाकला.

साहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्या आवाजात हाक कुठं पोचणार? आणि पोचली तरी मेलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं हाक मारायची? त्यांनी हात वर केले. डाव्या हाताची मूठ वळली, उजव्या हाताचं बोट ताठ केलं आणि मुठीत घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. जोरजोरानं, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून.

मागून दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "काय मेलं हे!" दुसरी म्हणाली. "केस पिकले तरी लाज नाही. सायेब म्हणे!"

साहेबांना ते ऐकू आलं. हात थांबवून त्यांना काही समजावून सांगता आलं असतं, पण तेवढ्या वेळात ट्रॅक्टर पुढं गेला असता. त्यांनी हात थांबवले नाहीत.

थोरल्यानं बघितलं. ट्रॅक्टर थांबला. तो हळूच खाली उतरला, खुंटीवरची सळई काढली, उजवीकडच्या दोन्ही नळ्यांत घालून चिखल काढला आणि सळई जागेवर अडकवली. मग वर चढला आणि रस्त्याकडे पाठ करून पुढं गेला.

साहेब शेवटच्या ओळीपर्यंत तिथंच उभे राहिले. न जाणो, पुन्हा विसरला तर. थोरला पुन्हा विसरला नाही.